बेसवाल्याला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहतो, ऐरोलीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी दोन बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. एक बँड जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा, दुसरा रॉकचा. पहिल्यात मी सगळ्यांत लहान, दुसऱ्यात सगळ्यांचा काका. चौदा वर्षांत लोकलमध्ये, लिफ्टमध्ये, हॉलच्या मागच्या दाराशी आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवतो. क्रम आठवेल तसा.

बँडमध्ये वाजवता? म्हणजे लग्नाच्या?

नाही. पण असतो तर लाज वाटली नसती. लाल कोटवाला ब्रास बँड भर उन्हात चालत चालत वाजवतो. आम्हाला पंख्याखाली एक सेट झाला की पाणी आणि खुर्ची लागते.

नवी मुंबईच्या गावठाणांत तर बँड म्हणजे बेंजो. नाव बेंजो असलं तरी वाद्य असतं बुलबुलतरंग, पिकअप लावून स्पीकरवर घेतलेला. सोबत ऑक्टोपॅड, कीबोर्ड, ढोलकी. खालचे सूर बहुतेक वेळा कीबोर्डवरच निघतात. घणसोली गावात एका हळदीला त्यांचा कीबोर्डवाला आला नाही, तेव्हा ओळखीतून मला उभं केलं होतं. आगरी-कोळी गाणी एकाला एक जोडून चालतात. पुढचं गाणं कोणतं हे सांगायला कुणी वळून बघत नाही. बेंजोवाल्याने एक ठरलेला तुकडा वाजवला की गाणं बदललं. पाऊण तास न थांबता. आणि नाचणारे दमले म्हणून लय उतरत नाही, चढते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला माउस धरता येत नव्हता. सेटलिस्ट, कॉर्डचा कागद, डोळ्यांनी खुणा, या सगळ्याची चैन आपल्याला किती आहे ते त्या रात्री कळलं.

गिटारला सहा तारा असतात, तुझ्या चारच. अर्धी शिकलास का?

हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकूंचा, आणि तो त्यांनी अगदी काळजीने विचारला होता.

काकू, बेसचं घराणं वेगळं. उभं राहून वाजवतात तो भला मोठा डबल बेस हा त्याचा पूर्वज. चार तारा ई, ए, डी, जी; गिटारच्या जाड चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. एवढा खर्ज काढायचा तर तार जाड हवी आणि लांबही हवी, म्हणून बेसवर तारेची मोकळी लांबी बहुधा 34 इंच असते, गिटारवर 25 च्या आसपास. डबल बेसवर फ्रेट (तारांखालच्या धातूच्या आडव्या रेघा) नसतात, सूर कानाने आणि हाताच्या सवयीने शोधावा लागतो. लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1951 मध्ये फ्रेट असलेला इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला आणि सूर नेमका लागतो म्हणून त्याचं नाव प्रिसिजन ठेवलं. आजही कुठल्याही दुकानात टांगलेले निम्मे बेस त्याच्याच वळणाचे दिसतील.

आपल्याकडची नावं हवी असतील तर आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ, इंडियन ओशनमध्ये बेस वाजवता वाजवता गाणारे राहुल राम, आणि आपल्या मुंबईची मोहिनी डे. ही नावं काकूंना सांगून उपयोग झाला नाही. "पण दोन तारा वाढवल्या असत्या तर?" त्यांचं म्हणणं कायम आहे.

व्हिडिओत तू दिसतोस, पण ऐकू येत नाहीस. आवाज बंद होता का?

नव्हता. तुम्ही फोनवर ऐकलंत. फोनचा स्पीकर नखाएवढा. 41 हर्ट्झ सोडा, त्याच्या तिप्पट-चौपट वरचं कंपनसुद्धा त्याच्यातून धड बाहेर पडत नाही. जे थोडंफार ऐकू येतं ते माझ्या सुराचे वरचे उपस्वर, आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ सूर आपल्या पदरचा भरतो. तानपुऱ्यात न छेडलेला गंधार ऐकणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही, फक्त इथे उलटं आहे: वरचे सूर ऐकून खालचा षड्ज मानून घ्यायचा. हेडफोन लावा आणि मग सांगा.

गाणाऱ्या बाई "काळी पाच" म्हणतात तेव्हा तू काय करतोस?

आता मुद्द्याचा प्रश्न. बेस शिकवणारे सगळे व्हिडिओ सी, डी, ई अशा भाषेत बोलतात. आमच्याकडे कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी गायिका येते, स्वेटर काढते (ऑडिटोरियमचा एसी) आणि म्हणते, "आज घसा बसलाय, काळी पाच नको, काळी तीन घ्या." पेटीच्या पट्टीची ही भाषा येत नसेल तर ठाण्यातल्या जुन्या गाण्यांच्या बँडमध्ये तुमचा निभाव लागणार नाही, बोटं कितीही चालोत.

कोष्टक पाठ करा. पांढरी एक म्हणजे सी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. बेसवर काळी पाच म्हणजे ए तारेचा पहिला फ्रेट किंवा ई तारेचा सहावा. काळी चार ई तारेचा चौथा, काळी तीन दुसरा. बेसची कृपा अशी की सगळ्या तारा एकमेकींपासून सुराच्या सारख्याच अंतरावर लावलेल्या असतात. मोकळ्या तारा न वापरता गाणं बसवलं असेल तर पट्टी बदलली म्हणजे हात नुसता सरकवायचा, बोटांचा आकृतिबंध तोच. म्हणून मी जुन्या गाण्यांत मोकळ्या तारांना शक्यतो हातच लावत नाही. मोकळ्या तारेच्या मोहात बसवलेलं गाणं पट्टी बदलली की तुमच्या हातात कोसळतं, आणि कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दाबून तुमच्याकडे बघत बसतो.

अडचण काळी दोनची. खालचा डी शार्प चार तारांच्या बेसवर नाहीच, कारण तो मोकळ्या ई तारेच्याही एक पायरी खाली. एक तर वरच्या सप्तकात वाजवा, नाही तर पाच तारांचा बेस घ्या. पाचवी तार बी, साधारण 31 हर्ट्झ. मी घेतला, सहा महिन्यांत विकला. बेसचा गळा (बोटं फिरतात ती लांब दांडी) अवजड होतो आणि खांद्याला कळतो. काळी दोनची गाणी आली की वरच्या सप्तकात वाजवतो, आजवर प्रेक्षकांतून कुणी उठून गेलेलं नाही.

कीबोर्डवाल्याशी तुझं नेमकं भांडण काय आहे?

भांडण नाही. डावा हात आहे.

ऑर्केस्ट्राच्या काळापासून कीबोर्डवाल्यांना एकट्याने सगळं भरून काढायची सवय. डाव्या हाताने बेस, उजव्याने बाकी जग. त्यात त्यांचा दोष नाही. पैसे वाचवायचे झाले की आयोजक सगळ्यात आधी बेसवाल्याला गाळतो, कारण "कीबोर्डवर होतं की". मग बेसवाला आला तरी डावा हात खालीच राहतो. दोघं एकाच सप्तकात, एक सूर इकडचा-तिकडचा, आणि हॉलमध्ये नुसता गुबगुबाट. साउंडवाला म्हणतो बेस जास्त आहे आणि माझा आवाज कमी करतो. आता गुबगुबाट तसाच, फक्त मी नाही.

यावर चौदा वर्षांत सापडलेला उपाय: स्टेजवर बोलायचं नाही. माइक चालू असतात आणि माणसं ताणात असतात. जॅम रूममध्ये (सरावाची भाड्याची खोली), चहा आल्यावर, एकच गाणं घ्यायचं आणि म्हणायचं, "दादा, या कडव्याला तुम्ही मधल्या सप्तकाच्या खाली उतरू नका, मी बघतो." रेकॉर्ड करून लगेच दोघांनी हेडफोनवर ऐकायचं. आमच्या कीबोर्डवाल्या दादांनी पहिल्यांदा ऐकलं, डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मग या हाताचं करू काय?" आता ते त्या हाताने पानं उलटतात. उरलेल्या वेळात स्ट्रिंग्ज, म्हणजे कीबोर्डवरची व्हायोलिनं.

ड्रमरशी मात्र वेगळा हिशेब. त्याचा उजवा पाय आणि माझी उजवी बोटं एकत्र पडली तर लोकांना दोन आवाज ऐकू येत नाहीत, एकच ऐकू येतो आणि तो छातीत लागतो. यासाठी मी साउंड चेकला कधीही ड्रमरच्या उजवीकडे, हाय-हॅटपासून (डाव्या हाताच्या जोडझांजेपासून) लांब, त्याचा पाय दिसेल असा उभा राहतो. झांजेचा कर्कश आवाज कानात न जाणं हा वरचा फायदा.

ठाण्याहून वाशीला बेस घेऊन लोकलने जाता येतं?

येतं. गर्दीच्या वेळी नाही.

गिग बॅगमधला बेस साडेतीन-चार फूट लांब. पाठीवर घेतला तर त्याचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर येतं आणि डब्यात शिरताना वरच्या कड्यांत अडकतं. तुम्ही पुढे, बेस मागे, आणि मागचा माणूस तुम्हाला आईवरून काहीतरी सांगत असतो. म्हणून प्लॅटफॉर्मवरच पाठीवरून उतरवायचा, पोटाशी उभा धरायचा, खुंट्या स्वतःच्या बाजूला. दाराशी थांबायचं नाही, आत शिरून आडव्या भिंतीला टेकायचं. ट्रान्स-हार्बरवर ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. अर्ध्या तासाचा खेळ. रबाळ्याला डबा रिकामा व्हायला लागतो. मालडब्यात जागा असते, पण एकदा माशांच्या पाट्यांशेजारी उभा राहिलो आणि पुढचे दोन आठवडे जॅम रूममध्ये मला कोपरा मिळाला. बॅग धुतली, वास स्ट्रॅपमध्ये होता.

परत येताना शेवटची गाडी बहुतेक वेळा चुकते, कारण आयोजक "एक शेवटचं" म्हणतो. मग तिघं मिळून भाड्याची गाडी. पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलेलं असेल तर ठाण्यात शिरायचा तो रस्ता विसरा. रिक्षात बेस तिरका बसतो, गळा बाहेर काढू नका. एका पोराचा गळा असाच दुभाजकावरच्या झाडाला लागला होता. (बेसचा गळा. पोरगा ठीक आहे.)

अँप (आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका) कधीच नेत नाही. छोटा डीआय बॉक्स नेतो. बेसचा सिग्नल नाजूक असतो, लांब केबलमधून नेला की त्याची धार जाते आणि वाटेत घरघर गोळा होते. डीआय त्याला मिक्सरला हवा तसा करून देतो, मग तीस मीटर न्या. हातात मावणारी ही डबी माझ्या बॅगेतली सगळ्यात कामाची वस्तू. तिच्याबरोबर दोन जादा केबल, ट्यूनर, काळी चिकटपट्टी, टॉर्च आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बॅटरी का, तर माझा बेस ॲक्टिव्ह आहे, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट आहे, आणि केबल लावून ठेवली की ती बॅटरी खात बसतो. एकदा साउंड चेकनंतर केबल तशीच ठेवून निवांत जेवायला गेलो. दुसऱ्या गाण्यात बेस आधी खोकायला लागला, मग गेला. कीबोर्डवाल्या दादांनी काही न बोलता डावा हात खाली नेला. त्या दिवशी मी त्या हाताला मनातल्या मनात नमस्कार केला.

स्टेजवर माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. चालायचंच ना?

अजिबात नाही. हसण्यावारी नेऊ नका.

बेसच्या तारा ब्रिजमधून (तारा अडकवायचा धातूचा तुकडा), केबलमधून थेट अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइक मिक्सरच्या अर्थिंगला. दोन्ही वेगवेगळ्या जागेवरून वीज घेत असतील आणि एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल, तर हात तारांवर आणि ओठ माइकवर अशा अवस्थेत मधली वायर तुम्ही असता. झिणझिणी ही सूचना. पुढच्या वेळी झटका असू शकतो, आणि अशा झटक्यांनी जगात वादकांचे जीव गेलेले आहेत.

मांडवात हे जास्त होतं. एक्स्टेन्शनला दोनच भोकं, म्हणून कुणीतरी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकलेली असते. एका मंडळाच्या स्टेजवर मी तीन पिनवाल्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला, अर्थ नव्हताच. वायरमन म्हणाला, "सर, दहा वर्षं असंच आहे." मी म्हटलं, मग अकराव्या वर्षी मी वाजवत नाही. वीस मिनिटं उशीर झाला, लोकांनी टाळ्या वाजवून निषेध केला, पण जनरेटरला अर्थिंगची सळई ठोकली गेली. सगळ्या वाद्यांची आणि मिक्सरची वीज एकाच ठिकाणाहून घ्या, तिसरी पिन कुणाला कापू देऊ नका, आणि सॉकेट तपासायचा छोटा टेस्टर स्वतःजवळ ठेवा. माइकशी जाण्याआधी हाताची मागची बाजू त्याला हलकेच लावून बघतो मी, तारा धरून. तळवा लावू नये. झटक्याने मूठ आवळली जाते.

फ्लॅटमध्ये सराव करतोस? सोसायटी काही बोलत नाही?

अँपने करत नाही. 41 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरच्या वर, म्हणजे आमच्या हॉलपेक्षा मोठी. वरचे आवाज भिंत अडवते, खालचे तिच्यातून निवांत पलीकडे जातात. म्हणून माझ्या खोलीत मला बेताचा वाटणारा आवाज खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या पलंगात वाजतो. सेक्रेटरींनी एकदा मला अत्यंत सभ्यपणे "ते पाण्याचा पंप चालू असल्यासारखं" काय असतं ते विचारलं. तेव्हापासून हेडफोन. हेडफोनला जोडायची पेनड्राइव्हएवढी अँप मिळतात, त्यांच्यात फोनवरचं गाणंही मिसळता येतं.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) लावून वाजवावं का?

हो. पण तो प्रत्येक मात्रेला नको, दुसऱ्या आणि चौथ्यालाच ऐकू येतोय असं समजा. पहिली मात्रा तुम्ही द्यायची.

रात्री दहाला एवढ्या घाईने का बंद करता? रंगात आलं होतं.

ध्वनी प्रदूषण नियम, 2000. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते कुठले हे आधीच जाहीर झालेलं असतं. बंद सभागृहाला दहाची मर्यादा नाही, पण आवाज बाहेर जायला नको. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. ड्रमरने नुसती काठी आपटली तरी तो आकडा मागे पडतो.

आमचा नियम असा की हमखास चालणारी दोन गाणी नऊ पन्नासला ठेवायची नाहीत. ती सव्वानऊला. लोकांना वाटतं आम्ही चांगली गाणी लवकर संपवली. खरं तर पोलीस येण्याआधी संपवली.

एका कार्यक्रमाचे किती मिळतात?

हिशेबच मांडतो, गेल्या महिन्यातला. कॅफेतल्या कार्यक्रमाचे माझ्या वाट्याला बाराशे. त्यासाठी दोन सराव, तीन-तीन तासांचे, जॅम रूम तासाला पाचशे, म्हणजे तीन हजार. पाच जणांत माझे सहाशे. परतीच्या गाडीचे साडेचारशे. राहिले दीडशे. तारांचा चांगला सेट अडीच हजारांना येतो, म्हणजे असे सतरा कार्यक्रम केले की एक सेट. सतरा कार्यक्रमांत तारा मरतात. म्हणून मी त्या पातेल्यात दहा मिनिटं उकळतो, पुसून कोरड्या करतो, आवाजाची धार काही दिवस परत येते. पातेलं वेगळं ठेवलंय. घरी एकदाच विचारलं गेलं, "हे काय शिजतंय?"

कंपन्यांच्या कार्यक्रमांना बरे मिळतात, पण मानधनातून बहुधा 10 टक्के टीडीएस कापला जातो. पॅन द्या आणि विवरणपत्र भरताना तो मागून घ्या, लोक विसरतात. मंडळात शाल आणि नारळ नक्की, पाकीट कधी कधी. माझ्याकडे एकोणीस शाली आहेत. नोकरी सोडून हे करावं का, असं विशीतली मुलं विचारतात तेव्हा मी शाली दाखवतो.

पहिला बेस कोणता घेऊ?

धोबीतलावच्या एखाद्या दुकानात जाऊन हातात धरून घ्या. वीस-पंचवीस हजारांच्या आसपास नावाजलेल्या कंपन्यांचा चालेल असा नवा बेस येतो. जुना त्याहून स्वस्त. दुकानात सगळे वेगात वाजवून दाखवतात. तुम्ही वीस मिनिटं उभ्याने, पट्टा लावून, चारच सूर वाजवा. बेस चार किलोच्या घरात असतो, आणि हात सोडल्यावर गळा जमिनीकडे झुकत असेल तर तो बेस नको, डावा खांदा कायमचा जाईल. बोटं आखूड असतील तर 30 इंची शॉर्ट स्केल (आखूड तारांचा बेस) बघा, त्यात कमीपणा नाही. पट्टा रुंद घ्या. रंग तुमच्या आवडीचा.

पावसाळ्यात त्याची काय काळजी घेतोस?

जून ते सप्टेंबर बेस भिंतीला टेकवून ठेवत नाही, बाहेरची भिंत ओल धरते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसणं. तरी ऑगस्टमध्ये लाकूड फुगून गळा वाकतो, तारा उंच होतात. गळ्यातली ट्रस रॉड (आत बसवलेली लोखंडी सळई) फिरवून तो सरळ करता येतो. एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबायचं. घाईने फिरवून रॉड मोडलेला माणूस मला माहीत आहे. मीच.

चूक झाली की काय करता?

पुन्हा तीच करायची, मुद्दाम केल्यासारखी. गमतीत म्हणतो, पण त्यात तथ्य आहे: चुकलेल्या सुराच्या एका फ्रेटवर, अलीकडे किंवा पलीकडे, बरोबर सूर जवळपास नेहमी असतोच. तिथे घसरून जायचं. लोकांना वाटतं कारागिरी. लयीत चुकलात तर मात्र हे चालत नाही, अख्खा बँड मागे वळून बघतो. त्यामुळे सूर आणि लय यांतलं एकच वाचवता येणार असेल तर लय वाचवा.

कानांना त्रास होत नाही?

झाला. चाळिशीत एका रात्री घरी आलो तर कानात फ्रिज चालू. सकाळी बंद झाला, पण घाबरलो. व्यावसायिक आरोग्याचा एक प्रचलित हिशेब असा की 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जॅम रूममध्ये 100 सहज होतात. वादकांसाठीचे इअरप्लग वापरतो, जे सगळा आवाज सारखा कमी करतात. कापूस घालू नका, कापूस फक्त वरचे सूर खातो आणि मग तुम्ही आवाज वाढवता.

बँड का फुटतात?

गाण्यांवरून फारसे नाही. एक कॅनडाला गेला. एकाला जुळी झाली. एकाची शिफ्ट बदलली आणि कंपनी तळोज्याला गेली. एका गायकाने कार्यक्रमाच्या पोस्टरवर स्वतःचा फोटो मोठा केला. मी पाहिलेल्या सहा बँडपैकी संगीतावरून एकच फुटला, आणि तोही पुढच्या वर्षी परत जमला कारण गणपती आले.

बेसवाले मात्र टिकतात. कारण आम्ही थोडे असतो. गिटारवाले दहा, बेसवाला एक, आणि जो वेळेवर येतो, स्वतःची केबल आणतो आणि पट्टी बदलली म्हणून तोंड पाडत नाही त्याला माझ्याहून चांगला वाजवणारा सोडूनही बोलावतात. हे मला एका आयोजकाने तोंडावर सांगितलं होतं. मी कौतुक म्हणून घेतलं.

सोलो का घेत नाहीस?

एकदा घेतला. लोक चहाला गेले.

आमच्या मंडळात गणपतीत वाजवाल का?

वाजवू. चार गोष्टी आधी कळवा: वीज कुठून येते आणि अर्थिंग आहे का, स्टेज किती फूट (दहा बाय बारात ड्रम, पाच माणसं आणि सत्काराची खुर्ची एकत्र मावत नाही, खुर्ची काढा), पावसाला वर पत्रा आहे की नुसतं कापड, आणि गाणारं घरचं कुणी असेल तर त्याची पट्टी. पट्टी माहीत नसेल तर त्याच्या आवडीच्या गाण्याच्या दोन ओळी फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, आम्ही शोधून काढू. भाषणं साउंड चेकच्या आधी, नाही तर मग थेट आमच्यानंतर, मध्ये नको. जेवण ठेवणार असाल तर आमच्या ड्रमरला कार्यक्रमाआधी मोदक देऊ नका. तिसऱ्या गाण्यापर्यंत तो ठाय लयीत येतो.